पाहुणे आणि लोंढे

20 मार्चला महाडला जाऊन आले आणि पुढच्याच रविवारी वस्तीतल्या आठ मुलांना घेऊन शिवडीच्या जेट्टीवर गेले. गोवंडीहून हार्बरची गाडी, पुढे पायी. ओहोटीची वेळ बघून निघालो होतो. पाणी मागे सरलं की चिखल उघडा पडतो आणि फ्लेमिंगो त्यावर चरायला उतरतात. लांबवर गुलाबी पट्टा दिसत होता. एका पोराला आधी वाटलं, कुणीतरी साडी वाळत घातलीय.

मराठीत या पक्ष्याला रोहित म्हणतात. हे नाव उच्चारताना आपल्या लोकांना काय आठवतं, ते वेगळं सांगायला नको.

हिवाळ्याच्या सुरुवातीला ते येऊ लागतात, मार्च-एप्रिलमध्ये सर्वात जास्त दिसतात आणि पावसाच्या तोंडावर बरेचसे कच्छच्या रणाकडे परततात. तिथे त्यांची वीण होते. सायबेरियातून आलेले चिमुकले तुतवार तर आत्ताच निघायच्या तयारीत असतात. पोटासाठी यायचं आणि वेळ झाली की घरी जायचं, एवढाच त्यांचा व्यवहार.

माझी आजी 1972 च्या दुष्काळात जालन्याहून मुंबईला आली, तीही पोटासाठीच. पण वर्तमानपत्रं फ्लेमिंगोंना 'पाहुणे' म्हणतात आणि आजीसारख्यांना 'लोंढे'. पाहुण्यांसाठी ठाणे खाडीत 2015 मध्ये अभयारण्य झालं, 2022 मध्ये रामसर दर्जाही मिळाला. चांगलंच झालं. पंचशीलातलं पहिलं शील पाळणाऱ्या माणसाला त्याचं वाईट कसं वाटेल? माझा राग पक्ष्यांवर नाही, शब्द वाटून देणाऱ्यांवर आहे.

जेट्टीवर मोठा कॅमेरा घेतलेले एक गृहस्थ होते. मुलांकडे बघून सोबत्याला म्हणाले, "या झोपडपट्टीवाल्यांनीच खाडीची वाट लावली." मुलांनी ऐकलं. मीही ऐकलं, आणि तेव्हा गप्प बसले. ते अजून टोचतंय, म्हणून हे लिहितेय.

साहेब, हे पक्षी चिखलातलं शेवाळ खातात. त्या शेवाळातल्या द्रव्यामुळेच त्यांना गुलाबी रंग येतो. आणि ते एवढं माजतं कशामुळे, तर अभ्यासक सांगतात, शहराच्या सांडपाण्यामुळेही. म्हणजे तुमच्या फोटोतला गुलाबी रंग तुमच्याही संडासातून आलाय. ते गटार जिथे तुंबतं तिथे कोण उतरतं, त्याची जात कोणती, हे कॅमेऱ्यात येत नाही. 2013 चा कायदा असूनही माणसं गटारात मरतात.

देवनारचं डम्पिंग ग्राउंड याच ठाणे खाडीच्या काठावर आहे. ते 1927 चं. ज्या वर्षी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, त्याच वर्षापासून हे शहर आपली घाण इथे आणून टाकतंय. माझ्या आईने त्या ढिगावर अकरा वर्षं कचरा वेचला. प्लास्टिक, काच, पत्रा, जे खाडीत गेलं असतं ते तिने पोत्यात भरून भंगारवाल्याकडे नेलं. पर्यावरणाचं काम म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? तिला कुणी पर्यावरणप्रेमी म्हटलं नाही. दम्याचा पंप मात्र मिळाला.

तिवरं वाचवायची म्हणून झोपड्या पाडतात. ठीक, कायदा आहे. पण डिसेंबर 2022 मध्ये बुलेट ट्रेनसाठी सुमारे 20 हजार तिवरं तोडायला उच्च न्यायालयाने परवानगी दिली. ते सार्वजनिक हित. आमच्या झोपडीचं मात्र अतिक्रमण होतं.

आपल्याही काही कार्यकर्त्यांना पक्षी बघणं हे सवर्णांचे चोचले वाटतात. 'आरक्षणावर बोला, फ्लेमिंगो काय घेऊन बसलात?' मित्रांनो, महाडचा लढा पाण्याचा होता. सार्वजनिक पाण्यावर आपला हक्क आहे हे बाबासाहेबांनी कृतीने दाखवलं. मग खाडी, तिचा काठ, तिच्यावर उतरणारे पक्षी हे सगळं आपण कुणाच्या नावावर करून दिलंय? पुढच्या वर्षी भीमजयंतीच्या वर्गणीतून दोन दुर्बिणी घ्याव्यात असा माझा प्रस्ताव आहे. मंडळात भांडण होणार, माहीत आहे.

भरती सुरू झाली तसे पक्षी पाण्यापुढे सरकत काठाजवळ आले. उसन्या दुर्बिणीसाठी ढकलाढकली चालली होती. आमची एक सातवीतली मुलगी, जिचं घर दोनदा पाडलं गेलंय, बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "ताई, यांना 2000 च्या आधीचा पुरावा लागत नाही?"

मी म्हटलं, ते इथे मोठ्या संख्येने नव्वदच्या दशकापासून येतात.

"मग हे पात्र," ती म्हणाली आणि दुर्बीण पुढच्या मुलाला दिली.