तुझ्या पोटातलं पाणी: मिशिगन सरोवरास अनावृत पत्र

प्रिय मिशिगन सरोवरा,

शिकागोतली बरीचशी मराठी मंडळी तुला लेक शोअर ड्राइव्हवरून ओळखतात. देशातून पाहुणे आले की तुझ्या काठी नेतात, पाहुणे ‘हा तर समुद्रच’ म्हणतात. बरोबरच आहे. ४९४ किलोमीटर लांब, १९० किलोमीटरपर्यंत रुंद आणि सगळ्यात खोल जागी २८१ मीटर पाणी. पलीकडचा काठ दिसत नाही तिथं माणसानं दुसरं काय म्हणावं? पण चालत्या होडीमागे गळ ओढत, म्हणजे ट्रोलिंग करत, मासे धरणाऱ्या आम्हा लोकांनी तुला समुद्र समजू नये. समुद्राच्या भरती-ओहोटीचं कोष्टक छापून मिळतं. तुझे प्रवाह वाऱ्यावर चालतात आणि परवा कुठला वारा होता त्यावर आज तुझ्या पोटात काय चाललंय ते ठरतं. हे पत्र तुला लिहितोय, पण उघडं ठेवतोय. दर उन्हाळ्यात नवी होडी घेऊन विस्कॉन्सिनमधल्या शीबॉयगन, पोर्ट वॉशिंग्टन, अल्गोमाच्या धक्क्यावर उतरणाऱ्यांनीही ते वाचावं.

नव्या माणसाचा पहिला पैसा चमच्यांवर, म्हणजे माशाला भुलवणाऱ्या धातूच्या पत्र्यांवर, जातो. दुकानात भिंतभर चमकते पत्रे टांगलेले असतात: हिरवे, निळे, जांभळे, अंधारात उजळणारे. मी रंगाला चौथा मान देतो. आधी पाण्याचं तापमान, मग गळाची खोली, मग वेग, आणि त्यानंतर रंग. मासा जिथं नाहीच तिथून सुंदर चमचा दिवसभर फिरवला तरी तो कोण बघणार?

तापमानाचं गणित तुझ्याइतक्या स्पष्टपणे कुणी शिकवत नाही. उन्हाळ्यात तुझं वरचं पाणी तापतं, खालचं गारच राहतं आणि दोहोंच्या मधे एक पातळ थर तयार होतो, जिथं थोड्याच फुटांत पारा झपकन उतरतो. चिनूक सॅल्मनला साधारण ५० ते ५५ अंश फॅरनहाइट, म्हणजे १० ते १३ सेल्सियसचं पाणी मानवतं. लेक ट्राउट त्याहून गारव्यात, बहुतेक वेळा तळाशी. स्टीलहेड वरच्या उबदार पाण्यात. म्हणून जुलैत बंदराबाहेर पडल्यावर पहिला प्रश्न ‘हा थर आज किती फुटांवर आहे?’ हाच असला पाहिजे. आणि तो रोज नव्याने विचारावा लागतो. काल ७० फुटांवर असलेला थर आज २५ फुटांवर सापडतो, कधी पार गायबच होतो.

याचं कारण वारा. पृथ्वीच्या फिरण्यामुळे तुझं वरचं पाणी वाऱ्याच्या दिशेला न जाता उजवीकडे सरकतं. दक्षिणेचा वारा दोन दिवस टिकला की विस्कॉन्सिनकडचं तापलेलं पाणी पूर्वेला ढकललं जातं आणि त्याची जागा घ्यायला तळातलं गार पाणी आमच्या काठाशी वर येतं. उत्तरेचा वारा असेल तर हाच खेळ पलीकडे, मिशिगन राज्याच्या किनाऱ्यावर. ज्याला हे माहीत आहे तो निघण्याआधी आजच्या अंदाजाबरोबर मागच्या दोन दिवसांचा वाराही बघतो. गार पाणी काठाशी आलं असेल तर दहा मैल आत पळण्यात अर्थ नाही. मासा ४० फूट पाण्यात, बंदराच्या दिव्याच्या जवळपास असू शकतो. उलट वाऱ्याने गरम पाणी काठावर रचून ठेवलं असेल, तर थर खोल गेलेला असतो आणि आत जावंच लागतं.

आता वेग. या विषयावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण इथंच सगळ्यात जास्त दिवस वाया जातात. सॅल्मनसाठी ताशी २.२ ते २.८ मैल, लेक ट्राउटसाठी त्याहून सावकाश, हे धक्क्यावर कुणीही सांगेल. पण हे आकडे कुठले? जीपीएस दाखवतं तो होडीचा जमिनीच्या मानाने वेग. गळ मात्र ८० फुटांवर आहे, आणि तिथं तुझा प्रवाह वरच्या पाण्याच्या उलट्या दिशेनेही वाहत असू शकतो. उत्तरेकडे जाताना अडीचच्या वेगात चार मासे लागतात. वळून त्याच वेगात, त्याच ओळीवरून दक्षिणेकडे आलो की एकही नाही. लोक म्हणतात, मासे गेले. मासे तिथंच असतात. खालच्या चमच्याचा वेग दीडवर आलेला असतो किंवा साडेतीनवर गेलेला असतो. तो एक तर लोळत चाललेला असतो नाहीतर गरगरत.

डाउनरिगर म्हणजे होडीच्या मागच्या काठावरची पोलादी तारेची गिरकी. तिला दहा-बारा पौंडांचा शिशाचा गोळा असतो आणि गळाची दोरी चिमट्याने त्या तारेला अडकवून हव्या त्या खोलीवर उतरवतात. गोळ्याच्या वर बसवायचा एक प्रोब मिळतो, तो खालचं तापमान आणि खालचा वेग दोन्ही वर कळवतो. वस्तू महाग आहे. पण दुसरी शंभर चमच्यांची पेटी घेण्याआधी ती घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. ती नसेल तर तारेचा कोन बघावा. मासे लागत असताना तार मागे किती कलली आहे ते डोळ्यांत ठेवायचं आणि वळल्यावर इंजिन कमीजास्त करून तोच कोन पुन्हा आणायचा. जीपीएसवर मग आकडा कुठलाही दिसो. फ्लॅशर, म्हणजे गळापुढे फिरणारी चमकती पट्टी, लावलेल्या काठीचं टोकही सांगतं: ते एका लयीत धडकत असेल तर खाली फ्लॅशर नीट फिरतोय. आणि कललेल्या तारेमुळे गोळा मोजणीयंत्रावरच्या आकड्यापेक्षा वर असतो, हेही लक्षात ठेवायचं.

काहीच कळत नसेल तर नागमोडी चालावं. वळणात बाहेरच्या बाजूचे गळ वेग घेतात आणि वर उचलले जातात, आतल्या बाजूचे मंदावून खाली जातात. बाहेरचा लागला तर वेग वाढवा, आतला लागला तर कमी करा. प्रोब नसलेल्या माणसाला तुझ्या पोटातलं उत्तर मिळवण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही.

दोऱ्यांची मांडणी सांगतो, कारण गुंता झाला की सकाळची पहिली सोन्यासारखी वेळ सोडवण्यात जाते. मधे डाउनरिगर, सगळ्यात खोल. त्यांच्या बाहेर डायव्हर, म्हणजे पाण्याच्या दाबाने खाली आणि बाजूला जाणाऱ्या प्लास्टिकच्या तबकड्या. सगळ्यात बाहेर, होडीपासून बाजूला पळणाऱ्या फळ्यांना बांधलेल्या शिशाच्या गाभ्याच्या दोऱ्या. या दोरीचा दर दहा यार्डांना रंग बदलतो. एक रंग सोडला की गळ साधारण पाच फूट खाली जातो, वेग वाढला की त्याहून कमी. दोन्ही बाजूंना खोल दोऱ्या आत, उथळ बाहेर, असंच ठेवायचं. म्हणजे बाहेरच्या दोरीचा मासा मागे पडला तरी तो आतल्या दोऱ्यांच्या वरून निघून जातो. विस्कॉन्सिनच्या पाण्यात माणशी तीन गळ चालतात, पण दोघांच्या होडीत सहा टाकायलाच हवेत असं नाही. नीट चालणारे चार बरे. आणि मासा लागला की होडी थांबवू नये. वेग जरा कमी करा, पण चालत राहा. थांबलात तर बाकीचे सगळे गळ खाली बसून एकमेकांत अडकतात.

तुझं पाणी आता पूर्वीसारखं नाही, आणि हे लिहिताना मला वाईट वाटतं. माशांचं रक्त शोषणारा समुद्रातला लॅम्प्री १९३६ मध्ये तुझ्यात दिसला आणि पुढच्या वीस वर्षांत तुझा मूळचा लेक ट्राउट जवळजवळ संपला. खाणारा उरला नाही, तेव्हा १९४९ मध्ये पोचलेला एलवाइफ अमाप वाढला. हा आपल्या तारली-पाल्याचा लांबचा भाऊबंद, चांदीसारखा छोटा मासा. १९६७ च्या उन्हाळ्यात शिकागोच्या किनाऱ्यांवर मेलेल्या एलवाइफचे ढीग लागले. हॉवर्ड टॅनर या मिशिगन राज्याच्या मत्स्य अधिकाऱ्याने त्याआधीच, १९६६ मध्ये, ऑरेगनहून आणलेल्या अंड्यांतली कोहो सॅल्मनची पिल्लं तुझ्या नद्यांत सोडली होती. पुढच्या वर्षी चिनूकची सोडली. आज आम्ही ज्याच्या मागे लागतो तो मासा असा आला. पुढे क्वागा शिंपले आले, तळभर पसरले आणि पाणी गाळून गाळून त्यातलं सूक्ष्म अन्न खाऊ लागले. एलवाइफ घटला. शेजारच्या ह्युरॉन सरोवरात तो २००३-०४ च्या सुमारास कोसळला आणि त्याच्या मागोमाग तिथली चिनूकची मासेमारीही. तुझ्या बाबतीत तसं होऊ नये म्हणून चिनूकची पिल्लं सोडणं कमी करण्यात आलं. कित्येक मच्छीमार त्यावर रागावले. मला तो निर्णय योग्य वाटतो. खाणारी तोंडं पुरवठ्यापेक्षा जास्त झाली की काय होतं, ते ह्युरॉनने दाखवलेलं आहे.

शिंपल्यांनी तू आरशासारखं स्वच्छ झालंस, पण ही स्वच्छता उपासमारीची आहे. ट्रोलिंगवर तिचा थेट परिणाम होतो. उजेड खूप खोल जातो, मासा होडी आणि तार दोन्ही बघतो. म्हणून उथळ गळ गोळ्यापासून बरेच मागे, ५० ते १०० फुटांवर सोडावेत. खोलवरचे दहा-पंधरा फुटांवर चालतात. लाल रंग काही फुटांतच विरतो, हिरवा-निळा खालपर्यंत टिकतो. अंधारात उजळणारा चमचा उजाडण्यापूर्वीच पाण्यात असायला हवा, म्हणजे धक्क्यावरून काळोखातच निघावं लागतं. उन्हाळ्यात काटेरी जलपिसवा दोरीवर कापसासारख्या जमतात आणि काठीच्या कड्यांत अडकतात. बारीक दोरीपेक्षा ३० पौंडी जाड दोरीवर त्या कमी चिकटतात. घरी नेण्यापूर्वी दोरी, जाळी, होडी कोरडी करावी. या पिसवा अशाच ओल्या सामानावरून दुसऱ्या तळ्यांत जातात.

ऋतूंप्रमाणे तुझी चालही बदलते. एप्रिलमध्ये कोहो दक्षिण टोकाला, इंडियाना आणि शिकागोच्या काठाशी, वरच्या दहा-वीस फुटांत. तेव्हा लाल-नारिंगी डॉजर, म्हणजे डुलणारी पट्टी, आणि त्यामागे छोटी नकली माशी, बस्स. मे-जूनमध्ये ते उत्तरेला सरकतात. ऑगस्टच्या उत्तरार्धात चिनूक नद्यांच्या तोंडाशी जमू लागतो आणि खाण्यातून त्याचं मन उडतं, तेव्हा त्याला चिडवणारा मोठा नकली मासा, जे-प्लग, चालतो.

माणसांच्या जिवाबद्दल बोलताना मी हात राखणार नाही. २३ सप्टेंबर १९६७ ला, कोहोची पहिली मोठी लाट आली असताना, पलीकडे, मिशिगन राज्यातल्या फ्रँकफर्टजवळ, प्लॅट बेच्या परिसरात शेकडो लहान होड्या निघाल्या होत्या. वादळ आलं आणि सात जण गेले. आमच्या पश्चिम काठावरचा फसवा दिवस तर वेगळाच असतो. वारा जमिनीकडून असला की बंदरात पाणी तुपासारखं सपाट दिसतं. दहा मैल आत तोच वारा लाटा उभ्या करतो, आणि परतताना त्या तोंडावर घेत यायचं असतं. अंदाजात लाटांची उंची बघताना दोन लाटांमधले सेकंदही बघा. तीन फुटांच्या लाटा चार सेकंदांनी येत असतील तर लहान होडीला ते हाल आहेत. राष्ट्रीय हवामान सेवेचा किनाऱ्यालगतचा अंदाज आणि मिलवॉकीच्या पुढे मधोमध उभा असलेला ४५००७ क्रमांकाचा तरंगता बोया, दोन्ही फोनवर दिसतात. रेडिओ १६ क्रमांकाच्या वाहिनीवर असावा. गार पाणी वर आलेलं असेल तर जुलैतही त्यात पडलेला माणूस पहिलं मिनिट श्वासासाठी झगडतो, दहाएक मिनिटांत हातपाय कामाला येईनासे होतात. तारण-जॅकेट अंगात हवं. बाकाखालचं कुणाला वाचवत नाही. मागून वारा असताना सावकाश चाललेल्या होडीत इंजिनाचा धूर आत ओढला जातो. कुणाचं डोकं दुखू लागलं तर ते होडी लागल्यामुळेच आहे असं धरून चालू नका, दिशा बदला आणि त्याला मोकळ्या हवेत बसवा.

पकडायचं किती? वरचं पाणी तापलेलं असताना ८० फुटांवरून ओढून आणलेला चिनूक परत सोडला तर बहुधा जगत नाही. तेव्हा ‘धरू आणि सोडू’ हा विचार ऑगस्टमध्ये करू नये. पुरेसे झाले की गळ वर घ्यावेत. ठेवलेला मासा लगेच रक्त काढून बर्फात घालावा. तुझ्या माशांत पीसीबी ही घातक रसायनं आणि पारा असतो; मोठ्या आणि चरबीच्या माशांत, विशेषतः थोराड लेक ट्राउटमध्ये जास्त. राज्याचा आरोग्य विभाग कुठला मासा महिन्यातून किती वेळा खावा ते सांगतो, ते पाळावं. पीसीबी चरबीत साठतं. म्हणून कातडी, पोटाची आणि पाठीवरची चरबी काढून टाकावी आणि मासा जाळीवर भाजावा, म्हणजे उरलेली चरबी गळून जाते. आपल्या कालवणात ती रश्श्यातच राहते. चिंचेचा कोळ, तिरफळं, हळद-तिखट लावून भाजलेला कोहो, सरोवरा, मी तुझ्या नावाने आवडीने खातो.

आणि मासा साफ करताना शेपटीजवळचा छोटा मांसल पर बघावा. तो कापलेला असेल तर त्या माशाच्या नाकात केसाएवढी, खुणेची तार असू शकते. तो कुठं वाढला, कुठं सोडला ते तीवरून कळतं. अशा माशांची डोकी बंदरांवर गोळा केली जातात. किती पिल्लं सोडायची आणि तुझ्यात आपोआप किती जन्मताहेत, हा हिशोब त्या तारांवरून बांधला जातो. डोकं कचऱ्यात टाकू नका, पिशवीत घालून लांबी, ठिकाण आणि तारीख लिहून द्या.

तुझाच,
पश्चिम काठावरचा एक मच्छीमार