भाता

निपाणीचा तंबाखू उन्हात वाळतो. विडीचा माल तो, शेतात पसरायचा, उन्हावाऱ्यावर सोडून द्यायचा, बाकीचं आभाळ बघतं. बेट्टदपुरचा तंबाखू निराळा. हा व्हर्जिनिया, सिगारेटीचा, आणि तो बंद खोलीत वाळतो. म्हैसूर जिल्ह्याच्या पिरियापट्टण तालुक्यात शिरलं की शेतांमधून या खोल्या दिसायला लागतात: उंच, जवळजवळ बिनखिडक्यांच्या, आत जमिनीलगत फिरणारे लोखंडी नळ, बाहेर लाकडाचा जाळ, वर काठ्यांना टांगलेली पानं. तळाशी झरोके आणि छपराला झडप. पहिले काही दिवस पान पिवळं पडेपर्यंत झरोके बंद ठेवतात, ओल राखतात. मग दोन्ही उघडतात, म्हणजे खालून कोरडी हवा शिरते आणि वरून दमट हवा निघून जाते. शेवटी देठ वाळवताना पुन्हा बंद.

मी खेळाचे बूट आखतो. बुटाच्या आतल्या हवेबद्दल जे काही मला नीट कळलं, त्यातलं बरंचसं अशाच एका भट्टीपाशी उभं राहून कळलं. मालक म्हातारे होते. नुसते खालचे झरोके उघडले तर काय होईल, असं मी मोडक्या कन्नडमध्ये विचारलं. ते म्हणाले, "काय व्हायचं सार, पान शिजेल."

बुटातही पाय शिजतोच. दोन्ही पायांत मिळून घामाच्या सुमारे अडीच लाख ग्रंथी असतात असं सांगतात. एक ग्रॅम घाम उडून गेला तर साधारण 580 कॅलरी उष्णता सोबत नेतो. तोच घाम मोज्यात मुरून बसला तर काहीच नेत नाही, उलट कातडी ओलसर करतो. ओलसर कातडी कोरड्या कातडीपेक्षा जास्त घासते. फोड तिथून येतात. म्हणजे प्रश्न भोकांचा नाहीच, हवा हलवण्याचा आहे. भट्टीत ते काम जाळ करतो, कारण तापलेली हवा आपसूक वर चढते. बुटात जाळ नाही. तिथे पावलाला भाता व्हावं लागतं.

हे सुचलेला मी पहिला नव्हे. जपानच्या किहाचिरो ओनित्सुका यांनी 1960च्या सुमारास मॅरेथॉनसाठी 'मॅजिक रनर' नावाचा बूट आणला. धावणाऱ्यांच्या तळव्यांना फोड येतात त्यामागे उष्णता आहे, हे त्यांनी धरलं आणि इंजिन थंड ठेवण्याच्या रीतीवरून कल्पना उचलली. पुढे आणि बाजूंना भोकं. पाऊल टेकलं की आतली गरम हवा बाहेर, उचललं की ताजी आत. अबेबे बिकिला 1960मध्ये रोमची मॅरेथॉन अनवाणी जिंकला होता. दुसऱ्याच वर्षी ओसाकाच्या मॅरेथॉनमध्ये त्याच्या पायांत ओनित्सुकांचे बूट होते.

माझा नमुनाही भात्याचाच होता, टाचेखाली पोकळी ठेवलेला. सपाट रस्त्यावर तो छान श्वास घ्यायचा. मग तो बेट्टदपुरच्या डोंगरावर नेला. सिडिलु मल्लिकार्जुनाचं देऊळ माथ्यावर आहे, कन्नडमध्ये सिडिलु म्हणजे वीज. पायथ्यापासून वरपर्यंत दगडी पायऱ्या. कित्येक भाविक त्या अनवाणी चढतात. पायरी चढताना टाच बहुतेक वेळा टेकतच नाही, हे तिथे पायांनी शिकवलं. सगळा भार चवड्यावर. भाता रिकामा लोंबतो. उतरताना मात्र टाच दाणदाण आपटते आणि वारा सुटतो, तोही नेमका दम लागलेला नसताना! तेव्हापासून मी पोकळी चवड्यामागे, पाऊल जिथे वाकतं तिथे आणली. आत येणारी वाट बोटांसमोरच्या जाळीतून, बाहेरची घोट्याच्या गळ्याशी. खालचा झरोका, वरची झडप.

एका कंपनीला हा नमुना दाखवला. तिथल्या साहेबांना जाळी आवडली. फक्त तिच्यामागे फोमचं अस्तर चिकटवा म्हणाले, हाताला मऊ लागतं. मग हवा कुठून जाणार? "गिऱ्हाइकाला जाळी दिसते ना, झालं." दुकानातल्या पुष्कळ बुटांची जाळी ही अशी, भिंतीवर रंगवलेल्या खिडकीसारखी. खरं पारखायचं तर जाळीला तोंड लावून फुंकर मारावी. दुकानदार विचित्र नजरेनं बघतो, पण कळतं.

आमच्या निपाणीकडचं पायताण या भानगडीत पडत नाही. ते उन्हातल्या तंबाखूच्या जातीचं: सगळं उघडं. 2019मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून, आणि बेळगाव त्यात आहे. तिच्यात कधी कुणाचा पाय शिजला नाही. पण तिला घालून वळणावर वेग घेऊन दाखवा! टाच सुटते, अंगठा एकटा सगळं धरून ठेवतो. धावायचं तर पाय बांधावा लागतो, आणि बांधला की भट्टी आलीच.

भोकांचं दुसरं दुखणं असं की हवेची वाट तीच पाण्याची आणि चिखलाची. तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये सात वेळा पाण्यावरून उडी मारायची असते, नि बहुतेकदा पाय ओला होतोच. बीडच्या अविनाश साबळेनं 2022च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यातच रौप्य मिळवलं. असल्या बुटाला पाणी आत येऊ नये ही चैन परवडत नाही. आलेलं पाणी पुढच्या चार पावलांत बाहेर फेकलं पाहिजे. इथल्या पावसात तांबडी माती माझ्या भोकांत बसते, ती मी दाभणाने काढतो. गिऱ्हाईक कशाला काढेल?

आणि मला हवं ते गिऱ्हाईक तर बूट निवडतच नाही. कर्नाटकातल्या सरकारी शाळांत मुलांना काळे बूट आणि पांढरे मोजे मिळतात. अनवाणी शाळेत येण्यापेक्षा ते हजार वेळा चांगलं, त्याबद्दल वाद नाही. पण मी पाहिलेला जोड वरून रेक्झिनसारखा, खाली रबरी, आणि कुठेही झरोका नाही. गावातल्या शाळेत खेळाच्या तासाला मुलं ते काढून व्हरांड्यात ओळीनं ठेवतात आणि तशीच पळतात. सर काही बोलत नाहीत. मी दोन-चार बुटांत हात घालून पाहिला. मोजे ओलेगच्च, आत कोंबलेले.

त्यांच्या मापाचा नमुना अजून जमलेला नाही. पाचवीतल्या मुलीचं पाऊल इतकं आखूड आणि तिचं वजन इतकं कमी, की मोठ्यांसाठी केलेला भाता तिच्या पायाखाली दबतच नाही. पोकळीची भिंत पातळ केली तर दबते, पण महिन्याभरात चिरते. सध्या तिथेच अडलोय.