हातगाडीवरची पुस्तके

(द्वितीय वर्ष, कला)

प्रथम वर्षाला प्रवेश घेताना फॉर्ममधल्या ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यापाशी माझे पेन थांबले होते. माझे वडील एस. टी. स्टँडच्या बाहेर केळ्यांची हातगाडी लावतात. मी आजूबाजूला पाहिले. कोणी ‘शिक्षक’ लिहीत होते, कोणी ‘नोकरी’, कोणी ‘शेती’. मी ‘व्यापार’ असे लिहिले आणि फॉर्म घाईघाईने खिडकीत सरकवला. ते खोटे नव्हते. पण खरेही नव्हते.

ही गोष्ट आज सांगण्याचे कारण एक पुस्तक आहे. पुराणकथांवर टिपण लिहिण्यासाठी यंदा मी आपल्या ग्रंथालयात पुस्तके चाळत होतो. तेव्हा व्हेरॉनिका आयन्स या लेखिकेचे भारतीय पुराणकथांवरील एक मोठ्या आकाराचे इंग्रजी पुस्तक हाती आले. पानोपानी चित्रे! इंग्रजी मला बेताचेच येते, पण चित्रांनी मला धरून ठेवले. आतल्या पानावर छापले होते : पॉल हॅम्लिन, लंडन, १९६७. आम्हा विद्यार्थ्यांना लेखक माहीत असतो, कारण तो परीक्षेला येतो. प्रकाशक कधी येत नाही. मी ग्रंथपालांना सहज विचारले, ‘‘सर, हे हॅम्लिन कोण?’’ ते म्हणाले, ‘‘पुस्तक लिहिणारा एक असतो आणि ते तुमच्यापर्यंत पोहोचवणारा दुसरा. त्या दुसऱ्याचीही कधी चौकशी करावी. बसा त्या संगणकापाशी.’’

मी बसलो आणि चार दिवस बसतच राहिलो.

पॉल हॅम्लिन यांचा जन्म १९२६ साली बर्लिनमध्ये एका ज्यू कुटुंबात झाला. मूळ आडनाव हॅम्बुर्गर. वडील बालरोगतज्ज्ञ. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि या कुटुंबाला देश सोडून लंडनला यावे लागले. तेव्हा पॉल सात वर्षांचा होता. नवा देश, नवी भाषा. त्यात वडीलही १९४० साली वारले. थोरला भाऊ मायकेल पुढे नामवंत कवी आणि अनुवादक झाला. धाकट्याने मात्र आडनाव बदलले, एका नियतकालिकाच्या कचेरीत हरकाम्या म्हणून काम केले आणि महायुद्धाच्या काळात त्याला सक्तीने कोळशाच्या खाणीतही जावे लागले.

युद्ध संपल्यावर त्याने घरच्या वारशातून मिळालेल्या सुमारे ३५० पौंडांच्या भांडवलावर लंडनच्या कॅम्डन टाउन भागात पुस्तकविक्री सुरू केली. इतर प्रकाशकांची न खपलेली, गोदामात पडून राहिलेली पुस्तके तो स्वस्तात उचली आणि विकी. कशावर? तर हातगाडीवर!

हे वाक्य मी तीनदा वाचले.

१९४९ साली त्याने ‘बुक्स फॉर प्लेझर’ ही संस्था काढली. आनंदासाठी पुस्तके! त्याचे गणित साधे होते. रंगीत चित्रांचे पुस्तक महाग असते, कारण प्रती थोड्या निघतात. आणि प्रती थोड्या निघतात, कारण ते महाग असते. हे चक्र मोडायचे तर एकदम पुष्कळ प्रती काढायच्या आणि किंमत खाली आणायची. छपाई इंग्लंडात परवडेना, म्हणून त्याने ती चेकोस्लोव्हाकियात करून घेतली. शिवाय जो माणूस पुस्तकाच्या दुकानाची पायरी कधी चढत नाही, त्याच्यासाठी त्याने कपडे आणि भांडी विकणाऱ्या मोठ्या दुकानांत पुस्तके नेऊन ठेवली. पाककृती, बागकाम, चित्रकला, पुराणकथा असे त्याचे विषय. मार्गरिट पॅटन यांचे रंगीत पाककृतींचे पुस्तक त्याने १९६० साली काढले, ते घरोघरी पोहोचले. हीच युक्ती त्याने संगीतालाही लावली. १९६५ साली ई. एम. आय. या कंपनीबरोबर त्याने ‘म्युझिक फॉर प्लेझर’ नावाने स्वस्त ध्वनिमुद्रिका काढल्या.

१९६४ साली त्याने आपली प्रकाशनसंस्था एका बड्या कंपनीला २० लाखांहून अधिक पौंडांना विकली. १९७१ साली पुन्हा नव्याने ‘ऑक्टोपस’ उभी केली, आणि १९८७ साली तीही विकली. या वेळी किंमत होती ५० कोटी पौंडांहून अधिक. त्याच वर्षी त्याने आपल्या नावाचा न्यास स्थापन केला. कला आणि शिक्षण यांच्यापासून दूर राहिलेल्या माणसांना तिथवर आणणे, हे या न्यासाचे मोठे काम. भारतातल्या छोट्या संस्थांनाही त्याची मदत पोहोचली आहे.

त्या रात्री अण्णा गाडी लावून घरी आले. जेवताना मी त्यांना सगळे सांगितले. अण्णांचे शिक्षण चौथीपर्यंतचे. ते घास थांबवून ऐकत होते.

‘‘म्हंजे दुसऱ्यांचा राहिलेला माल उचलायचा?’’

‘‘हो. आणि कमी भावात विकायचा.’’

‘‘मग त्यानं बरोबर केलं. सांजच्याला केळ्यावर डाग पडला की आपन काय करतो? भाव उतरवतो. गोड तर तेच जास्त असतं. पन लोक डाग बघत्यात.’’ मग थोडे थांबून म्हणाले, ‘‘पुस्तकाचं एक बरं हाय. कुजत नाय.’’

मी हसलो. पण लगेच मला माझ्याच उत्साहाची शंका आली. हातगाडीचे नाव निघताच मी या माणसाला आमच्या आळीतला करून टाकले होते. तो तसा नव्हता. निर्वासित होता, पोरका झाला होता, हे खरे. पण तो डॉक्टरांच्या, पुस्तकांच्या घरातला मुलगा होता आणि हाताशी ३५० पौंड होते. अण्णांच्या हाती पहिल्या दिवशी उधारीवर आणलेले दोन घड होते. हातगाडी दोघांची, पण ती ढकलण्याआधी पायाखाली काय होते, यात फार अंतर आहे. ‘कष्ट करा, तुम्हीही कोट्यधीश व्हाल’ असे तात्पर्य काढून मी हा लेख संपवला, तर अण्णांच्या वीस वर्षांच्या कष्टांचा तो अपमान ठरेल. ते काही कमी राबले नाहीत.

मग या माणसाच्या चरित्रात माझ्यासाठी काय आहे?

ते मला एका वेगळ्याच ठिकाणी सापडले. लंडनमध्ये रॉयल ऑपेरा हाउस नावाचे जुने, वैभवशाली नाट्यगृह आहे. त्याची तिकिटे महाग. पण तिकिटापेक्षाही मोठा अडसर मनाचा. ‘ती जागा आपल्यासाठी नाही’ असे म्हणून सामान्य माणूस तिच्या दारावरून पुढे जातो. हॅम्लिन यांनी १९८०च्या दशकात आठवडाच्या आठवडा तिथल्या जागांचा खर्च उचलला आणि ज्यांनी तिथे कधी पाऊल ठेवले नव्हते, अशांना अगदी थोडक्या पैशांत आत बसवले. ब्रिटिश म्युझियमच्या प्रसिद्ध गोल वाचनालयात पूर्वी परवाना असल्याशिवाय वाचायला बसता येत नसे. तिथे २००० साली त्यांच्या नावाचे, सर्वांना खुले असलेले ग्रंथालय सुरू झाले. ते २०११ साली बंद झाले, पण दहा वर्षे कोणीही आत जाऊन बसू शकत होते. २००१ साली हॅम्लिन वारले, तेव्हा संपत्तीचा मोठा भाग न्यासालाच गेला.

हे वाचताना मला गेल्या वर्षीचे आपले स्नेहसंमेलन आठवले.

निबंधस्पर्धेत मला दुसरे पारितोषिक मिळाले होते. पालकांसाठी निमंत्रणपत्रिका मिळाली होती. ती मी घरी दिलीच नाही, वहीत ठेवून दिली. अण्णांना बातमी कोठून कळली, देव जाणे. माझे नाव पुकारले गेले, मी व्यासपीठावर चढलो आणि तिथून मला फाटकापलीकडचा रस्ता दिसला. कडेला आमची गाडी उभी होती. अण्णा गाडीच्या दांड्याला धरून कर्ण्यातून येणारे माझे नाव ऐकत होते. कार्यक्रम संपल्यावर मी मित्रांबरोबर मागच्या दाराने गेलो. रात्री अण्णा एवढेच म्हणाले, ‘‘आवाज झकास येत होता रं.’’

त्यांना कोणी अडवले नव्हते. फाटक उघडे होते. आत न बोलावणारा मीच होतो.

दार उघडे असणे आणि आत बोलावणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या परक्या प्रकाशकाने शिकवले. कला सर्वांसाठी आहे असे म्हणणारे पुष्कळ असतात. तिकीट काढून हातात देणारा विरळा. त्याच्यापाशी कोट्यवधी पौंड होते. माझ्यापाशी एक निमंत्रणपत्रिका होती, आणि तीही मी दिली नाही.

मित्रमैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीजणांच्या वहीत अशी पत्रिका पडून असेल, मला माहीत नाही. स्नेहसंमेलन समितीला माझी नम्र विनंती आहे. पहिल्या दोन रांगांत नेहमी पाहुणे बसतात, ते बसोतच. पण तिसरी रांग ज्यांनी आजवर सभागृह आतून पाहिले नाही, अशा आईवडिलांसाठी राखून ठेवावी, आणि पत्रिका विद्यार्थ्यांच्या हाती न देता थेट घरी पाठवावी. आमच्यासारख्यांवर एवढा विश्वास टाकू नये!

तृतीय वर्षाच्या फॉर्मवर मी त्या रकान्यात ‘केळी विक्रेता (हातगाडी)’ असे लिहिणार आहे. येत्या स्नेहसंमेलनाला या, असे परवाच मी अण्णांना सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले,

‘‘येतो की. पन गाडी कुठं लावायची?’’

‘‘फाटकाच्या आत, अण्णा,’’ मी म्हणालो. तेवढी परवानगी प्राचार्यांकडून अजून मिळवायची आहे.