परिसेविकेची मुलाखत

शुश्रूषा या शब्दाचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’. वर्गात हा शब्द फोडून दाखवण्याचे काम आम्ही अनेक वर्षे केले. त्याची गाठ एखाद्या रुग्णालयातील नेमणुकीशी पडेल असे मात्र कधी वाटले नव्हते. अमरावतीतील एका धर्मादाय संस्थेला वृद्धांच्या पुनर्वसन विभागासाठी ज्येष्ठ परिचारिका हवी होती. निवड समितीत वैद्यकाबाहेरचा एक सदस्य असावा, असा त्यांचा नियम. म्हणून आम्हांस बोलावणे आले.

सरकारी पदनामांत अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका अशी चढती भाजणी रुळलेली आहे. परिचारिका म्हणजे भोवती वावरणारी; पुढच्या पायऱ्यांवर ‘सेवा’ येते. आणि पुनर्वसनाची अडचण नेमकी या सेवेपाशी सुरू होते. पक्षाघाताने एक हात लुळा पडलेल्या म्हातारबांना सदरा घालायला वीस मिनिटे लागत असतील, तर परिसेविकेने ती वीस मिनिटे हात मागे बांधून उभे राहायचे असते. तिने चटकन बाही चढवून दिली तर म्हातारबा सुखावतात, सूनबाई दुवा देतात, आणि घरी गेल्यावर त्यांना कायम दुसऱ्याच्या हाताने सदरा घालावा लागतो. उभी राहिली, तर ‘सिस्टर नुसती बघत बसते’ अशी तक्रार वर जाते. अमरावतीला हे शहाणपण परके नसावे. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांच्या तपोवनात कुष्ठरुग्णांना औषधाबरोबर हाताला कामही मिळाले होते.

उमेदवार पाच होत्या. तिघींविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. चौथी अमरावतीचीच, तरुण, उच्चशिक्षित. डॉक्टरांनी बार्थेल निर्देशांकाविषयी विचारले. जेवण, अंघोळ, कपडे, चालणे, जिने अशा दहा बाबी, एकूण शंभर गुण, १९६५ सालापासून प्रचलित. तिने प्रत्येक बाबीचे गुण न अडखळता सांगितले. डॉक्टर प्रसन्न झाले, आणि ते रास्तच होते.

पाचवी अकोल्याहून बसने आली होती, वय बावन्न. (२०२२ च्या जून महिन्यात याच अमरावती–अकोला मार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण करून गिनीज विक्रम झाला. आपल्याकडे घाईचे विक्रम नोंदले जातात; सदऱ्याची वीस मिनिटे कोण नोंदणार?) तिलाही तोच प्रश्न विचारला गेला. ती म्हणाली, “तो तक्ता मी रोज भरते, सर. पण त्यात खाली बसणं नाही.”

मग तिने एका शेतकरी बाईची हकीकत सांगितली. मांडीचे हाड मोडलेले, शस्त्रक्रिया उत्तम, घरी जाताना गुण पंचाऐंशी. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीवरून पलंगावर, सारे बिनचूक. महिनाभराने तपासणीला आली ती म्हणत, “तुमी मले खुर्चीवर बसाले शिकोलं, पण मायं घर त खाली हाये.” चूल खाली, ताट खाली, संडास उकिडवे बसण्याचा. घरात उंच असे काही असेल तर एक बाज; त्या बाजेवर ती एकटी जेवू लागली होती. तेव्हापासून आपण पहिल्याच दिवशी घरची जमीन, उंबरठा आणि संडास यांची चौकशी करतो, असे या बाईंनी सांगितले. त्या एका वऱ्हाडी वाक्यापुढे आमची व्युत्पत्ती आम्हांला फार पुस्तकी वाटली.

पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता, हा प्रशासकांचा ठेवणीतला प्रश्न. “सहा वर्षांनी निवृत्ती आहे, साहेब,” एवढेच उत्तर आले.

तुम्हांला काही विचारायचे आहे का, असे अध्यक्षांनी शिष्टाचार म्हणून म्हटले. तिने विचारले, “रात्री वीस खाटांना किती जणी?”

“दोन.”

“दर दोन तासांनी कुशी बदलायच्या. त्यात एखाद्या आजोबांना काठीनं संडासापर्यंत चालत न्यायचं तर पंधरा मिनिटं जातात. दोघींना ते जमणार नाही. मग सगळ्यांना डायपर लागतील. दिवसा शिकवलेलं रात्री पुसलं जाईल. तिसरी देणार असाल तर मी येते.”

ती बाहेर गेल्यावर चर्चा लांबली. डॉक्टरांचा कल चौथीकडे होता. संस्थेला मानांकन हवे आहे, त्यासाठी नोंदी चोख लागतात आणि तरुण माणूस पुढे वीस वर्षे टिकेल, हे त्यांचे मुद्दे हलके नव्हते. प्रशासकांना तिसरीचा पगार दिसत होता. आम्ही अकोल्याच्या बाईंच्या बाजूने बोललो. जरा अधिकच बोललो असू, मास्तरांची सवय. शेवटी अध्यक्षांनी कौल दिला, आणि अक्षर बरे म्हणून ठराव लिहिण्याचे काम आमच्याकडे आले. नेमणुकीखाली ‘रात्रपाळी : तीन’ असे आम्ही शाईने लिहिले. प्रशासकांनी कागद ओढून घेतला आणि त्यापुढे पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढले.