झरियाची आग

चूल पेटली नाहीं म्हणून उदास झालेलीं घरें आपण पाहिलीं आहेत. पण पायाखालची आग विझत नाहीं म्हणून धास्तावलेलीं घरें पाहावयाचीं असतील, तर झारखंडांत धनबादेजवळ झरिया म्हणून गांव आहे तेथें गेलें पाहिजे. आम्ही मागें तिकडे गेलों होतों. तेव्हां जें पाहिलें व पुढें वाचून जें कळलें, तें बालवाचकांस व त्यांच्या वडील मंडळींस सांगावें असें मनांत आलें.

दगडी कोळसा म्हणजे मूळचें रान. सुमारें २५ ते ३० कोटि वर्षांपूर्वीं दामोदर नदीच्या ह्या खोऱ्यांत दलदल होती. तींत ग्लोसोप्टेरिस नांवाच्या झाडांचीं जिभेच्या आकाराचीं पानें गळून गाडलीं जात. त्यांवर वाळू व गाळ बसे, जमीन खचे, आणि पुन्हां रान माजे. असे एकावर एक थर झाले. ह्या खडकांस गोंडांच्या मुलुखावरून गोंडवन हें नांव पडलें आहे. आमच्या चांद्याकडील कोळसाहि ह्याच कुळांतला. त्यामुळें एका मजुरानें पानाचा ठसा उमटलेला दगड आमच्या हातीं दिला, तेव्हां परमुलुखांत कोणी नात्याचें माणूस भेटावें तसें आम्हांस वाटलें.

येथील कोळशाचा उत्तम कोक होतो, व कोकावर लोखंडाच्या मोठ्या भट्ट्या चालतात. म्हणून ह्या खाणींवर सर्वांचा डोळा. जुन्या काळीं थरांत उभ्याआडव्या गल्ल्या खोदून, छत तोलण्यास मध्यें कोळशाचेच खांब राखीत. रिकाम्या जागीं वाळू भरली म्हणजे जमीन सहसा खचत नाहीं. पण वाळूला पैसा पडतो. जेथें तो वांचविला तेथें खांब पिचले, जमीन भेगाळली आणि भेगांतून वारा आंत शिरला. कोळशास हवा लागली कीं तो हळूहळू तापतो, आणि ती ऊब कोंडली तर काडी न लावतां पेटतो. झरियांत पहिली आग १९१६ सालीं आढळली. १९७१ सालीं ह्या खाणी सरकारनें आपल्या ताब्यांत घेतल्या, पुष्कळ ठिकाणीं आग विझविलीहि. परंतु ती सगळी अद्यापि शमलेली नाहीं. वांचलेल्या वाळूची किंमत कोणी भरली, हें हिशेबाच्या वहींत कोठें मांडतात कोण जाणे!

आणि एकटी आगच वैरीण नव्हे. २७ डिसेंबर १९७५ रोजीं जवळच्याच चासनाला येथें खाणींत पाणी घुसून ३७५ माणसें दगावलीं.

आगीवरील लोकांस हलविण्याची मोठी योजना २००९ सालीं मंजूर झाली, व बेलगडिया येथें त्यांच्यासाठीं घरें बांधलीं. तरी अनेक कुटुंबें जागा सोडीनात. दुरून पाहणारा ह्यास हट्ट म्हणेल; आम्ही म्हणणार नाहीं. जिच्या अंगणांतली माती तळव्यांस भाजत होती, अशा एका बाईस आम्हीं विचारलें, "ताई, तुम्ही तिकडे कां जात नाहीं?" ती म्हणाली, "दादा, तिकडे घर आहे. पण काम कोठें आहे?" येथें निदान कोळसा वेंचून, पोत्यांत भरून विकतां येतो.

तिची मुलगी पहांटे आईबरोबर कोळसा वेंची, मग हातपाय घासून धुऊन शाळेस जाई. तिला आम्हीं मोठ्या कौतुकानें तो पानाचा दगड दाखविला. ती हंसली, आणि आंत जाऊन तसलेच सात दगड घेऊन आली.