पाण्याखालचं मामाचं गाव

यवतमाळ जिल्ह्यातला मे महिना ज्यांनी काढलाय, त्यांना पाण्याकाठच्या सुट्टीची गोडी वेगळी सांगायला नको. आमच्या पुसदला भर दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. म्हणून पुण्याहून भावाचा फोन आला, "लवासाला तळ्याकाठी तीन दिवसांसाठी जागा घेतलीय, आईला आणि मुलांना घेऊन ये," तेव्हा आमची दोन्ही कार्टी त्याच रात्री बॅगा भरून बसली.

जागा म्हणजे नुसती खोली नव्हे हं. हॉटेलच्याच मालकीची सदनिका. दोन खोल्या, छोटंसं स्वयंपाकघर, शेगडी, सहा कप, सहा ताटल्या. हॉटेलची माणसं चादरी बदलून जाणार, पण चहा आपला आपण करायचा. आईला हे फारच पसंत पडलं. हॉटेलातला चहा म्हणजे तिच्या मते रंगवलेलं पाणी! शिवाय बाल्कनीतून समोर तळं. तळं दिसणाऱ्या सदनिकेला भाडं जास्त पडतं, ही माहिती मुलांनी मला दोनदा पुरवली.

पुण्याहून पिरंगुट, मुठा, टेमघर करत घाट चढलो की लवासा येतं. इटलीतल्या पोर्टोफिनो गावासारखी रंगीबेरंगी घरं इथे पाण्याकाठी ओळीने उभी आहेत. काही इमारती मात्र अर्धवटच राहिल्यात. हे शहर वसवणारी कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. आणि मित्रांनो, समोरचं तळं हे खरं तर तळं नव्हेच. मोसे नदीवर वरसगावला धरण बांधलंय, त्याचं साठलेलं पाणी आहे ते. शिवाजी महाराजांचे सोबती बाजी पासलकर याच मोसे खोऱ्यातले, म्हणून जलाशयाला त्यांचं नाव दिलंय.

हे सगळं मी मुलांना बाल्कनीत सांगत होते. 'धरण' शब्द कानावर पडला आणि आईने खुर्ची उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवली.

"आजी, अगं तळं इकडे आहे!"

"पाह्यलं. असं पाणी लय पाह्यलं म्या."

आईचं माहेर पैनगंगेच्या काठी होतं. १९८२ च्या सुमारास इसापूरचं धरण झालं आणि ते गाव पाण्यात गेलं. नाव घेतलं की आईचे डोळे भरून येतात, म्हणून इथेही लिहीत नाही. मी तेव्हा पाच-सहा वर्षांची. मला आठवतो तो फक्त चिंचेखालचा पार, आणि मामाने घराची दारं-चौकटी काढून बैलगाडीत रचल्या तो दिवस. दार नसलेलं घर मी पहिल्यांदाच पाहिलं. मामाला नव्या गावठाणात जागा मिळाली, पण मामाच्या गावाला जायचं म्हणून कुणी तिकडे गेलं नाही. माझ्या मुलांचा मामा तर पुण्यात चौथ्या मजल्यावर राहतो.

त्या पाण्याने वाईटच केलं असं मात्र कुणी म्हणू नये. इसापूरच्या कालव्यांनी कळमनुरी, हदगाव, उमरखेडकडची रानं भिजतात. आई स्वतःच म्हणते, "उमरखेडचा ऊस पाह्यला का बरं वाटते. मंग रातच्याला झोप येत नाही."

दुसऱ्या दिवशी चादरी बदलायला एक काका आले. साठीचे असतील. आईने सवयीने विचारलं, "तुमी कोन्या गावचे?"

काकांनी तोंडाने उत्तर दिलं नाही. हातातली उशी खाली ठेवली आणि बाल्कनीतून पाण्याकडे बोट दाखवलं. मे असल्यामुळे पाणी बरंच खाली गेलं होतं, कडेने चिखलाचा तपकिरी पट्टा उघडा पडला होता. "त्या पट्ट्याच्याही खाली," ते म्हणाले.

आईने खुर्ची फिरवली.

मग अर्धा तास दोघांचं बोलणं चाललं. ते मावळातले, ही वऱ्हाडातली, पण कुठे अडलं नाही. तुमच्याकडे देव कुठे नेले? विहीर बुजवली की तशीच बुडाली? गुरं नव्या जागी रमली का? उजनीच्या पाण्यात पळसदेवचं देऊळ उन्हाळ्यात वर येतं, ते काकांनी पाहिलेलं. "तसं आमचंबी एखाद्या साली वर येईल," असं म्हणून ते चादरी घेऊन गेले.

मुलं गप्प ऐकत होती. थोड्या वेळाने मुलीने विचारलं, "हे पाणी पुढे जातं कुठे?" खडकवासल्याला, मी सांगितलं. तिथून पुण्याच्या नळांना, आणि कालव्याने पार दौंड-इंदापूरच्या शेतांना.

"म्हणजे परवा मामाकडे आपण प्यायलो ते?"

"त्यात यातलंही असेल."

रात्री जेवणं झाल्यावर धाकट्याने टेबल पुसलं आणि म्हणाला, "आजी, तुझं गाव दाखव." आईने आधी नाही-नाही केलं. मग चमचे ओळीने मांडले, ती पैनगंगा. सहा कप म्हणजे सहा घरं. कप संपले तेव्हा बिस्किटं घेतली. मीठदाणी मारुतीचं देऊळ झाली.

"आणि विहीर? इथे?"

"तिथं नाही रे बाप्पा, पल्ल्याड. ग्लास दे इकडं. अन् भरून दे, आटली नाही कधी ते."