रोजाने की उक्ते?

आमच्या साकोलीकडे पऱ्हे हातभर वाढले, की घरोघरी एकच वाद ऐकू येतो. रोवणी रोजाने द्यायची की गुत्त्याने? पुण्याकडचे लोक ज्याला उक्ते काम म्हणतात, तोच आमचा गुत्ता. रोजाने दिली तर धुऱ्यावर उभ्या असलेल्या धन्याला वाटत राहते, की आज गाणी फार झाली आणि रोवणी थोडी. गुत्त्याने दिली तर तीच बांधी निम्म्या वेळात हिरवी होते आणि त्याच धन्याला रोप विरळ दिसू लागते. म्हणजे पैसे वेळाचे द्या की कामाचे द्या, देणाऱ्याच्या पोटात दुखायचे ते दुखतेच.

या वादात मला जरा जास्तच रस आहे, कारण मी स्वतः एका तऱ्हेचा रोजंदार आहे. मराठीचा प्राध्यापक म्हणून गावात मला नमस्कार मिळतात. पण माझी नेमणूक आहे ‘घड्याळी तासिका तत्त्वावर’. जितक्या तासिका तितके पैसे. आमची तासिका ४८ मिनिटांची. जुन्या कालगणनेत २४ मिनिटांची एक घटका आणि दोन घटकांचा एक मुहूर्त. म्हणजे मुहूर्तही बरोबर ४८ मिनिटांचाच! पंचेचाळिशीला आलेला मी असा मुहूर्तावर जगतो. आदल्या रात्री ज्ञानेश्वरीची एक ओवी दोन तास उलगडत बसलो, तर ते दोन तास कोणाच्याच वहीत नाहीत. वर्ग स्नेहसंमेलनाला गेला, की मुहूर्त टळला आणि पैसेही टळले. सौभाग्यवतींचा हिशेब याहून सोपा आहे. त्या फक्त महिनाअखेरीला विचारतात, “यंदा किती मुहूर्त लागले?”

असो. अशा माणसाकडे श्रावणात एक जुना विद्यार्थी आला आणि म्हणाला, “सर, ‘आयडल’ले मराठीत काय म्हनू?”

हा मुलगा माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसत असे. आता तो घरच्या छपरीत संगणक मांडून दूरदेशीच्या लोकांची कामे करतो. कोणाची नोकरी नाही; आज या ग्राहकाचे काम, उद्या त्याचे. अशांना इंग्रजीत फ्रीलान्सर म्हणतात. हा शब्द स्कॉटच्या १८१९ च्या ‘आयव्हॅन्हो’ कादंबरीत भाडोत्री भालेकऱ्यांसाठी आला आहे, हे मी त्याला सांगितले आणि म्हटले, “तुला मराठी शब्द हवाच असेल तर शिलेदार म्हण. बारगिराला घोडा सरकारचा; शिलेदार आपला घोडा, आपले हत्यार घेऊन चाकरीला येई. तुझा संगणक तुझा, वीजबिल तुझे.” तो खूष झाला. घोड्याचे हप्ते अजून चालू आहेत, तेवढे मात्र त्याने हळूच सांगितले.

तो शिलेदारांसाठी एक ॲप तयार करीत होता. कामाला बसताना कळ दाबायची, उठताना दाबायची. कोणत्या ग्राहकाचे किती तास झाले ते यंत्र मोजणार आणि आठवड्याचे बिल तयार करणार. अशी ॲपे जगात पुष्कळ आहेत. त्यांतल्या एका नावाजलेल्या पद्धतीचा उगम त्याने मला सांगितला, तो ऐकण्यासारखा आहे. दोन ग्रीक मित्र. एक अमेरिकेत, दुसरा ग्रीसमध्ये. बरोबर काम करायची दोघांची इच्छा, पण इतक्या लांबच्या माणसावर मालकाने विश्वास कसा टाकावा? तेव्हा त्यांनी लांबून काम दिसेल अशी सोय केली. तीतून २००३ मध्ये ओडेस्क ही कंपनी निघाली. २०१३ मध्ये तिचे इलान्सशी एकत्रीकरण ठरले आणि २०१५ पासून ती अपवर्क म्हणून ओळखली जाते. तिच्या ॲपवर तासाने काम करणाऱ्याच्या पडद्याचे चित्र तासातून सहा वेळा टिपले जाते. दर दहा मिनिटांत एक, पण नेमके कोणत्या क्षणी ते ठाऊक नसते. बोटे कळफलकावर किती चालली, त्याचीही मोजणी होते. नको असलेले चित्र पुसता येते. पण त्याबरोबर तेवढ्या वेळाचे पैसेही पुसले जातात.

मैत्रीपोटी निघालेली ही युक्ती शेवटी धुऱ्यावर उभ्या असलेल्या धन्यापाशीच येऊन पोचली, याची मला मोठी गंमत वाटली. आणि हे काही परदेशापुरते नाही. २०२३ च्या जानेवारीपासून रोजगार हमीच्या कामांवरही मजुरांचे दिवसातून दोनदा मोबाइलवर छायाचित्र काढणे सक्तीचे झाले. माती किती निघाली हा प्रश्न वेगळाच. आधी चेहरा दाखवा.

माझ्या विद्यार्थ्याला हे ॲप सुचले ते एका चटक्यातून. एका ग्राहकासाठी तो दुकानाच्या मागणीपत्रकाची मांडणी करीत होता. दुपारभर त्याने कागदावर चौकटी काढल्या, खोडल्या, पुन्हा काढल्या. पडदा तसाच राहिला. आठवड्याच्या हिशेबात ते तास यंत्राने ‘आयडल’ म्हणून लाल रंगात दाखवले आणि ग्राहकाने ते सरळ कापले. “सर, त्या दिवशीच तर खरं काम झालं होतं,” तो म्हणाला.

ज्या छपरीत तो बसतो, तिथेच त्याची आजी बिड्या वळायची. तिचा हिशेब हजारी होता. घड्याळाचा संबंध नव्हता. छाट म्हणून बाजूला काढलेल्या बिडीवरून ठेकेदाराशी भांडण होई, ते वेगळे. पण चुलीवरचे दूध उतू जाते म्हणून ती उठली, तर त्याची नोंद कोणी ठेवीत नसे. १९६६ च्या कायद्याने घरी बसून बिड्या वळणारीलाही कामगार मानले. तिची बिडी मोजता येत होती, एवढे तिचे भाग्य. नातवाच्या डोक्यातली चौकट कशी मोजायची?

आता त्याच्या प्रश्नाकडे येतो. ‘आयडल’ला मी शब्द शोधू लागलो. ‘निष्क्रिय’ म्हणजे शिवीच. ‘रिकामा वेळ’ म्हटले, तर रिकामा न्हावी आठवतो. ‘विश्रांती’ म्हणावे, तर जो माणूस डोके धरून बसला आहे त्याची थट्टा होते. सरकारी परिभाषेच्या वळणाने एखादा भारदस्त शब्द घडवताही आला असता. पण तो वाचून यंत्रच थांबले असते. दोन-तीन दिवस मी वर्गात शिकवताना मुलांकडे पाहत होतो. खिडकीबाहेर पाहणारी मुलगी ऐकते आहे की नाही, हे मला वीस वर्षांनंतरही ओळखता येत नाही. मग त्या यंत्राला कुठून येणार? त्याला एवढेच ठाऊक असते, की कळफलकावरचा हात थांबला आहे. तेव्हा शब्दाने तेवढेच सांगावे. मी त्याला लिहून दिले : ‘हात थांबला’.

तो कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “सर, मग लाल रंग पन नाही चालनार.” हे मला सुचले नव्हते. त्याने तो रंग मातकट केला. दहा मिनिटे हात थांबला, की यंत्र आता विचारते : “हात थांबला होता. काम चालू होते?” उत्तर ‘होते’ असेल तर काय ते एका ओळीत लिहायचे. पडद्याची चित्रे त्याने काढूनच टाकली. ग्राहकाला फक्त तास आणि त्या ओळी दिसतात. आणि पाठवण्याआधी त्या काम करणाऱ्याला दिसतात. वीज गेली तर घड्याळ आपोआप थांबते, हेही त्याने घातले. साकोलीत बसून ॲप केले, याची ती सही म्हणायची.

पण ओळ खरी कशावरून? हा प्रश्न मीच त्याला केला, कारण ग्राहक तो करणारच. ज्या दोन ग्राहकांना त्याने हे दाखवले, त्यांतल्या एकाने एका वाक्यात कळवले, की चित्रे नसतील तर नको. घरी धानाचे कर्ज, घोड्याचे हप्ते. आठ दिवस तो चित्रांची सोय परत घालावी काय, या विचारात होता. आईचे म्हणणे होते, घालून टाक, चोरी थोडीच करतो आपण? वडील म्हणाले, चोरी करत नाही म्हणूनच नको. माझे मत त्याने विचारले. मी म्हणालो, “माझ्या घरी हप्ते नाहीत बाबू, मी सांगणे सोपे आहे.”

त्याने चित्रे घातली नाहीत. दुसरा ग्राहक राहिला. कोजागिरीच्या आठवड्यात त्याच्याकडून विचारणा आली : मंगळवारी ‘हात थांबला’ची ४० मिनिटे कशाची? मुलाने ओळ पुन्हा वाचून पाहिली. ‘कागदावर तीन मांडण्या केल्या, दोन फेटाळल्या,’ असे तिथे लिहिले होते. त्याने फेटाळलेल्या दोन्ही मांडण्यांचे कागद टाचणी लावून ठेवले होते. त्यांचाच फोटो काढून पाठवला. चार दिवसांनी पूर्ण पैसे आले. सोबत एक ओळ होती : फेटाळलेल्यांपैकी दुसरी मांडणी मला अधिक आवडली, ती करता येईल काय?

हे काम तासाने घ्यावे की गुत्त्याने, याचा तो सध्या विचार करतो आहे.